म्हैस आपली, पेंड त्यांची

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत ‘गोकुळ’ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे. त्यामुळं इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही: गोठे हजार असले तरी पेंडीचं पोतं एकाच गेटातून निघू शकतं. ब्राउझरचंही तेच.

समजा, कट्ट्यावर एकानं जाहीर केलं, ‘क्रोम सोडलं! बड्या कंपन्यांशी आपला संबंध संपला.’ मग घेतलं काय? एज! म्हणजे गूगलच्या सोप्यातून उठून मायक्रोसॉफ्टच्या सोप्यात. आणि २०२० पासून त्या सोप्याचा पायाही गूगलच्याच क्रोमियमचा. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी? पायताण निराळं, चामडं तेच. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं, पण मोझिलाच्या घरात बहुतेक पैसा येतो गूगलकडूनच.

‘मग स्वदेशी घे की!’ सरकारनं २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरची स्पर्धा भरवली. २०२५ मध्ये झोहोनं पहिलं बक्षीस मारलं, एक कोटीचं. त्यांचा ‘उला’ चालतो कशावर? क्रोमियमवर.

पहिल्या ओळीपासून नवं इंजिन लिहायला निघालेत ते लेडीबर्डवाले. २०२४ मध्ये त्यांनी ना-नफा संस्थाही काढली. पण वासरू मोठं व्हायला वेळ लागणारच.

तोवर कोल्हापुरी उपाय एकच: सहकारी ब्राउझर! दर टॅबमागं लाभांश, दिवाळीला फरक बिल. अडचण एवढीच, निवडणूक लागली आणि ठरावधारक मतदार सहलीवर गेले, की त्यांना शोधायचं कुठं?

गूगल मॅपवर.