परतीचं भाडं

निपाणी स्टँडजवळच्या कुठल्याही यल्लो बोर्डवाल्याला विचारा, गोव्याला येणार काय? तो आधी भाडं सांगत नाही. परत कधी यायचं, ते विचारतो. मग पान थुंकून एका दमात सगळं ऐकवतो: रोजचे तीनशे किलोमीटर धरणार, फिरा नाहीतर लॉजवर झोपा; ड्रायव्हरचा बाटा वेगळा, टोल तुमचा, पार्किंग तुमचं, आणि तिकडंच सोडून दिलासा तर परतीचं भाडंपण तुमचंच.

आमचे साडू याच शाळेत शिकले. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, त्यामुळे भाव आणि वजन या दोन गोष्टींवर कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हे अंगात मुरलेलं. गेल्या उन्हाळ्यात थोरल्या लेकाकडे स्टुटगार्टला गेले. रेल्वेनं काय दिसतंय, गाडी घेऊया, म्हणून हटून बसले. लेक आयटीतला. त्याने तीन रात्री जागून स्वस्तात गाडी कशी मिळते याचा अभ्यास केला आणि वडिलांपुढे मांडला. वडिलांना तो चहा निवायच्या आत कळला.

गाडी विमानतळावर घ्यायची नाही, गावातल्या कचेरीतून घ्यायची. विमानतळावर जादा आकार लागतो. साडू म्हणाले, स्टँडच्या दारात रिक्षा धरू नये, चार पावलं पुढं जावं, तसंच की. बिनगिअरची महाग, गिअरची स्वस्त. टाकी फुल्ल घ्यायची, फुल्ल करून द्यायची, नाहीतर कंपनी आपल्या दराने तेल भरते. महिना-दोन महिने आधी ठरवली तर दर उतरतो. विमा मात्र काउंटरवरच्या पोराच्या आग्रहाला भुलून घ्यायचा नाही. गाडीला धक्का लागला तर पहिले हजारभर युरो आपल्या खिशातून जातात, ती भीती घालून तो रोजच्या हिशेबाने जादा विमा गळ्यात मारतो. तेवढ्यासाठीचा वेगळा विमा आधीच घरबसल्या काढला तर बराच स्वस्त पडतो.

अडचण आली ती पॅरिसला. लेकाचा बेत होता, स्टुटगार्टला गाडी घ्यायची आणि पॅरिसला सोडायची. पण एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची तर कंपनी वेगळी रक्कम लावते, आणि ती पाहून लेकाने लॅपटॉप मिटला. साडू शांत. "गाडी रिकामी परत यायची म्हटल्यावर परतीचं भाडं लागणारच की. यात इंग्लिशमध्ये सांगण्यागत काय हाय?" पॅरिस रद्द. जिथून घेतली तिथेच परत.

साडू स्वतः चालवणार होते. त्यासाठी आधीच चिकोडीच्या आरटीओत खेटे घालून, पासपोर्ट आणि हजार रुपये देऊन एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढलेला. ती पुस्तिका त्यांनी मला उघडून दाखवली होती. आत चक्क फ्रेंच पान. बेळगावात सरकारी कागद मराठीतून द्या म्हणून माणसं अर्ज करून करून म्हातारी झाली, निवेदनांच्या पोचपावत्यांना वाळवी लागली. इथे हजार रुपयांत फ्रेंच मिळालं, तेही मोर्चा न काढता.

तरी चालवायला मिळालं नाहीच. काउंटरवरच्या पोराने चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागितलं; अनामत त्यावर अडकवून ठेवतात. साडूंनी सोसायटीच्या बँकेचं एटीएम कार्ड ठेवलं. पोराने ते उलटंपालटं करून अदबीने परत दिलं. मग कार्ड लेकाचं, म्हणून ड्रायव्हर लेक. दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालायचं तर रोजचे पैसे वेगळे. साडू भडकले. "आमच्याकडं दुसरा ड्रायव्हर क्लीनर म्हणून फुकट येतोय!" हे भाषांतर लेकाने केलं नाही. परवाना अकरा दिवस सदऱ्याच्या खिशात राहिला आणि साडू पुढच्या सीटवर. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे जन्मभर ज्या बाजूला बसले त्याच बाजूला बसलेले, समोर चाक नाही, आणि प्रत्येक वळणाला पायाने ब्रेक दाबतायत.

गाडी ताब्यात घेताना त्यांनी जे केलं ते मात्र प्रत्येकाने करावं. बाजारात बैल बघावा तशी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. मोबाईलवर व्हिडिओ चालू, आणि ओरखड्याशेजारी बोट धरून धावतं वर्णन: "डाव्या अंगाला मागच्या दारावर वरबाडा, दोन बोटं. बंपरला खाली पोचा, बोर ठेवलं तर बसंल." चाकं, काच, टाकीचा काटा, किलोमीटर, सगळं त्यात. अकरा दिवसांनी परत देताना दुसऱ्याच पोराने वाकून बंपरचा तोच पोचा शोधला आणि कागद पुढे केला. साडूंनी फक्त मोबाईल पुढे केला. निपाणीची मराठी त्याला काय कळणार, पण बोट आणि तारीख कळली. कागद परत गेला.

मध्ये सीमा होती. ऱ्हाइनवरचा पूल ओलांडला की जर्मनीचं केल संपतं आणि फ्रान्सचं स्ट्रासबर्ग लागतं. साडूंनी पुलाआधीच पट्टा आवळला, कागद मांडीवर घेतले आणि सवयीने खिशातली सुट्टी नोट वर काढली. पूल संपला. निळ्या पाटीवर ताऱ्यांचं कडं आणि फ्रान्सचं नाव. "नाका?" लेक म्हणाला, होऊन गेलं.

कोगनोळीच्या कर्नाटक नाक्यावर २०२१ साली याच साडूंना आरटीपीसीआरच्या रिपोर्टावरून माघारी फिरवलं होतं. कागलच्या व्याह्यांकडे रात्र काढावी लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांच्या एसट्या बंद झाल्या तेव्हा नातवंडांना घेऊन ते नाक्यापलीकडे चालत गेले. एमएच-०९ वाल्यांनी कुठल्या दिवशी बेळगावात गाडी घालू नये आणि केए-२३ वाल्यांनी कुठल्या दिवशी कोल्हापुरात, याचं पंचांग त्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळे नाका नसलेली सीमा त्यांना पटेना. काहीतरी चुकलंय, पुढे धरतील, असं म्हणत दोन किलोमीटर मागे बघत राहिले.

लेकाने मग इतिहास सांगितला. जर्मनी आणि फ्रान्स सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांच्या उरावर बसले. हे स्ट्रासबर्ग १८७१ ते १९४४ या काळात चार वेळा इकडून तिकडे गेलं. मग १९८५ च्या जूनमध्ये शेंगेन नावाच्या खेड्याजवळ, मोझेल नदीत बोटीवर बसून पाच देशांनी सह्या केल्या आणि मार्च १९९५ पासून नाके उठले.

"चार वेळा?" साडू म्हणाले. "आमचं १९५६ ला एकदाच झालं. आणि हेंचा खटला कुठल्या कोर्टात हाय?"

खटला नाही म्हटल्यावर त्यांचा स्ट्रासबर्गमधला रस संपला. आमच्याकडे सीमावादाचा महाजन अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, आणि दूधगंगेच्या दोन्ही काठांना काळं फासायचा डबा बारमाही भरलेला. लढाई मात्र एकही नाही. कदाचित तेच चुकलं असेल.

स्वित्झर्लंडमध्ये चाळीस फ्रँकचा महामार्गाचा स्टिकर घ्यावा लागला, चार दिवसांसाठी वर्षाचा. तिथे छोटा मिळतच नाही. साडूंनी तो टोलच्या पावतीसारखा मनात जपलाय, अजून बोलतात. मग बाझल ओलांडून जर्मनीत परत शिरताना गाड्यांची रांग दिसली. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून आपल्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी चालू केली आहे, तात्पुरती म्हणे. आपल्याकडेही असं काही उभं राहतं ते तात्पुरतंच असतं. पोलिसाने वाकून आत पाहिलं, पासपोर्ट मागितले, फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला.

अकरा दिवसांत पहिल्यांदा साडूंचा पाय ब्रेकवरून उठला. मागे रेलून म्हणाले, "हां, आता आपल्या गावाकडं आल्यागत वाटलं."