बावन्नावं पान

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोलच्या रात्री संपतो, असं आपलं म्हणायचं. चाहत्याचा खरा हंगाम उभा राहतो मार्चच्या मध्याला, मैदानात चिटपाखरू नसताना. लीगचं नवं वर्ष उघडण्याआधीचे दोन दिवस, करार संपत आलेल्या खेळाडूंच्या एजंटांशी बाकीच्या संघांना बोलायची मुभा असते. चाहत्यांच्या तोंडी याचं नाव ‘लीगल टॅम्परिंग’, आपल्या भाषेत कायदेशीर फितुरी. बोलणी सुरू करायची वेळ दुपारी बाराची, आणि बारा वाजून काही मिनिटं होतात न होतात तोच चार-चार वर्षांचे, कोट्यवधी डॉलरचे करार ‘ठरले’ म्हणून बातम्या येऊ लागतात. मुलगी बघायला आलेली मंडळी पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत हॉलची तारीख सांगू लागली, तर आधी काय काय घडून गेलं असेल ते शेंबडं पोरही ओळखेल. इथे मात्र सगळे नवल वाटल्याचा चेहरा करतात. मग जुंपतो तो सामना, ज्यात चाहता प्रेक्षक नसतो, खेळाडू असतो: कुणाला किती दिले, कशासाठी दिले, आणि आता कॅपमध्ये शिल्लक किती.

या भांडणातली पहिली गंमत सर्वनामाची आहे. ‘आपल्याला तो परवडायचा नाही,’ असं चाहता म्हणतो. आपल्याला! तिकीट, पार्किंग आणि पाठीवर नाव छापलेली, दोन वर्षांत फडक्याच्या कामी येणारी जर्सी यांचे पैसे तो मोजतो हे खरं. पण पगाराच्या चेकवर सही करायला त्याला कुणी बोलावत नाही. ‘आपल्याला’ म्हणायचा थोडाफार हक्क ग्रीन बे पॅकर्सच्या चाहत्यांना, कारण तो संघ भागधारकांच्याच मालकीचा आहे. २०२१ मध्ये त्यांनी ३०० डॉलरला एक असे शेअर विकले. त्यावर लाभांश मिळत नाही, नफ्यात विकता येत नाही. फ्रेम करून भिंतीवर लावता येतो. बाकी ३१ संघांचे चाहते फुकटचे खजिनदार. बरं, ज्या मर्यादेची ते राखण करतात ती आली कुठून? १९९३ च्या तडजोडीत खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या संघात जायची मोकळीक मिळाली आणि बदल्यात मालकांना संघाच्या एकूण पगारावर झाकण मिळालं, तेच हे ‘सॅलरी कॅप’. १९९४ मध्ये ते ३.४६ कोटी डॉलरवर होतं, २०२५ मध्ये २७.९२ कोटींवर. यात संघांमधली चुरस टिकते हे मान्य. पण मुळात ही मालकांच्या तिजोरीची कडी आहे, आणि ती नीट लागली का हे बघायला रात्री उठतो तो चाहता. यावरून त्याला हसणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. हिशेब करण्यात तो काहीच चुकत नाही. चुकतो तो कुठल्या ओळी वाचायच्या यात. तो वहीच्या वरच्या चार ओळींवर भांडतो आणि हंगामाचा निकाल लागतो तळाच्या ओळींत.

वही म्हटलं ते उगाच नाही. आयपीएलच्या लिलावात पैसा रोखीचा असतो. २०२५ च्या हंगामासाठी दर संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते; लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, की थैलीतून २७ कोटी गेले, विषय संपला. अमेरिकन फुटबॉलची कॅप म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारीची वही. खेळाडूला सही करताना पाच कोटी डॉलर बोनस दिला तर तो पैसा त्याच्या खात्यात लगोलग जातो, पण कॅपच्या वहीत पाच वर्षांवर एकेक कोटी असा मांडता येतो. पुढच्या वर्षी पुन्हा चणचण भासली, तर त्याच खेळाडूच्या पगाराचा मोठा तुकडा बोनस म्हणून दाखवायचा आणि तोही पुढच्या वर्षांवर पसरायचा. वर्षं कमी पडली तर कराराच्या शेपटीला ‘व्हॉइड इयर’ जोडायची, म्हणजे ज्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं अशी वर्षं. ती फक्त हप्ते टांगायला खुंटी म्हणून. आणि खेळाडू मुदतीआधी गेला, की टांगलेले सगळे हप्ते एका-दोन वर्षांत अंगावर कोसळतात. त्याला चाहते ‘डेड मनी’ म्हणतात. मेलेल्या माणसाचं श्राद्ध वर्षातून एकदा असतं. इथे माणूस ठणठणीत असतो, दुसऱ्या संघाकडून खेळत असतो, आणि वर्षश्राद्ध चालूच असतं. या कारभारात विनोदाला बाहेरून मीठ-मसाला लागत नाही. २०१० चं वर्ष तर कॅपविनाच होतं. त्या वर्षात हप्ते भारंभार कोंबले म्हणून २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपमधून ३.६ कोटी डॉलर आणि डॅलसच्या कॅपमधून १ कोटी डॉलर कापले गेले. मर्यादाच नसलेल्या वर्षात मर्यादा ओलांडल्याबद्दल दंड! आपल्या महसूल खात्यालाही हे सुचलं नसतं.

अशी वही हाती आल्यावर चाहत्यांचे दोन पंथ पडणार हे ओघानं आलंच. एक म्हणतो, कॅप ही मुळी थाप आहे; पैसे वर्षांवर फिरवले की कुणालाही घेता येतं. दुसरा म्हणतो, वाणी आज ना उद्या दारात येतोच. पहिल्या पंथाचं काशीक्षेत्र बरीच वर्षं न्यू ऑर्लिन्स होतं. २०२१ च्या सुरुवातीला तो संघ कॅपच्या जवळपास १० कोटी डॉलर वर होता आणि तरी मुदतीच्या आत त्यांनी आकडे जुळवले. त्याच मार्चमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, ड्रू ब्रीझ निवृत्त झाला, पण वहीतून निवृत्त व्हायला त्याला आणखी वेळ लागला. पुढचे चार हंगाम संघ प्लेऑफला लागला नाही आणि दुसऱ्या पंथाने पेढे वाटले. पण घाई झाली. कारण पहिल्या पंथाच्या बाजूनेही एक दणकट आकडा आहे: कोरोनाच्या धक्क्याने २०२१ मध्ये कॅप १८.२५ कोटींवर घसरली होती, ती चार वर्षांत २७.९२ वर गेली. उत्पन्न या वेगाने वाढणार असेल तर आजचा हप्ता परवा किरकोळ वाटतो. १९९० साली घर घेतलेल्या कुणालाही विचारा. फिलाडेल्फिया ईगल्स व्हॉइड वर्षांची उधारी मनमुराद करतात, आणि फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल त्यांनी कॅन्सस सिटीला ४०–२२ असं लोळवून जिंकला. तेव्हा उधारी चांगली की वाईट हा प्रश्नच बाद. कशासाठी केली, ते विचारायचं.

आणि इथे वरच्या ओळींची लबाडी उघडी पडते. २००० साली वॉशिंग्टनने डिऑन सँडर्स, ब्रूस स्मिथ अशी दिग्गजांची वरात आणली. हंगामात आठ जिंकले, आठ हरले. सँडर्सचा करार सात वर्षांचा, त्यांच्यासाठी खेळला एक. २००९ मध्ये त्याच संघाने अल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांसाठी १० कोटी डॉलर कबूल केले. पुढच्याच वर्षी त्याला साधी धावण्याची चाचणी पार होईना. २०११ मध्ये ईगल्सने इतकी बडी नावं गोळा केली की त्यांच्याच राखीव क्वार्टरबॅकच्या तोंडून ‘ड्रीम टीम’ निघून गेलं. निकाल पुन्हा आठ आणि आठ. मार्च २०२४ मध्ये अटलांटाने कर्क कझिन्सला चार वर्षांसाठी १८ कोटींचा करार दिला, त्यातले १० कोटी हमीचे, आणि सहा आठवडे उलटायच्या सुमारास ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्यांच्या निवडीत, आठव्या क्रमांकावर दुसरा क्वार्टरबॅक उचलला. नवी गाडी दारात उभी करून, हार घालून, पेढे वाटून झाल्यावर घरच्यांनी रिक्षा लावून घ्यावी तसं. डिसेंबरात कझिन्स बाकावर होता.

यावर न्यूयॉर्कचा चाहता मला अडवणार, आणि त्याला तो हक्क आहे. सेक्वॉन बार्कलीचं काय? २०२४ च्या मार्चमध्ये ‘रनिंग बॅकला इतके पैसे द्यायचे नसतात’ या शहाण्या सूत्राला धरून जायंट्सने त्याला जाऊ दिलं. शेजारच्या ईगल्सने तीन वर्षांसाठी ३.७७५ कोटी डॉलर देऊन त्याला आणलं आणि त्याने त्या हंगामात २००५ यार्ड पळून दाखवलं. न्यूजर्सी हा या दोन संघांत चिरलेला प्रांत. तिथल्या मराठी घरांतही एका सोफ्यावर हिरवी जर्सी आणि निळी जर्सी शेजारी बसलेली सापडते. त्या निळ्या जर्सीला तो हिवाळा कसा गेला असेल याची कल्पना करवत नाही. म्हणजे वरची ओळच निकाल लावून गेली की! मान्य, अर्धं मान्य. पण तो सुपर बोल पुन्हा बघा. कॅन्सस सिटीने बार्कलीला अडवायचा चंग बांधला होता आणि त्याला मोकळं पळू दिलंच नाही. सामना उलटवला ईगल्सच्या बचावाने. कूपर डिजीनने चेंडू मधेच पळवून ३८ यार्ड नेला आणि टचडाउन केला. त्याच दिवशी तो २२ वर्षांचा झाला होता, पहिल्या वर्षाच्या ठरावीक पगारावरचा पोरगा. दुसरा चेंडू मधेच पळवला झॅक बॉनने. हा बॉन त्याच मार्चमध्ये, बार्कलीच्या धामधुमीत, एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरवर आला होता. मोसमाअखेर तो लीगच्या पहिल्या फळीतल्या निवडक खेळाडूंत गणला गेला. त्याला सोडलं होतं कुणी? न्यू ऑर्लिन्सने. बार्कलीवर जेवढे घसे बसले त्याच्या शतांशानेही बॉनवर कुणी भांडलं नव्हतं.

तळाच्या ओळींचं बळ येतं ते मालक आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारनाम्यातून. २०१० मध्ये ड्राफ्टच्या पहिल्या पोराला, सॅम ब्रॅडफर्डला, सहा वर्षांचे ७.८ कोटी मिळाले होते. पुढच्या वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी. नवख्यांचा पगार बांधला गेला. तेव्हापासून प्रत्येक संघाला हवा असतो एकत्र कुटुंबातला तो धाकटा भाऊ, कमावता झालेला पण लग्न न झालेला, जो पाकीट आणून आईच्या हातात देतो. ब्रॉक पर्डी हा अशा भावांचा मेरुमणी. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे सगळ्यात शेवटी निवडला गेलेला. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्या पगारात, सहकाऱ्याबरोबर भाड्याची जागा वाटून घेत, त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेलं. वाचलेल्या पैशांत थोरल्यांची हौस झाली. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६.५ कोटी मिळाले. लग्न झालं, वेगळी चूल मांडली. आणि उधारीवाल्यांच्या दोन्ही पंथांना न उलगडणारं डेन्व्हरचं कोडंही इथेच सुटतं. त्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये रसेल विल्सनला पाच वर्षांची, २४.५ कोटींची वाढ दिली आणि ती सुरू व्हायच्या सुमारासच, मार्च २०२४ मध्ये, त्याला नारळ दिला. मागे राहिला साडेआठ कोटींचा डेड मनी, दोन वर्षांवर वाटलेला. विल्सन पिट्सबर्गला १२ लाखांवर खेळला आणि वरचे पैसे डेन्व्हरने भरले. जावई दुसऱ्याच्या घरी, दिवाळसण आपल्याकडून. तरीही त्या हंगामात डेन्व्हर १० सामने जिंकून २०१५ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेलं. कारण क्वार्टरबॅक होता बो निक्स, चार वर्षांचे मिळून दोन कोटींच्या आतला धाकटा.

‘मग आम्ही बॉनवर भांडायचं का?’ असा शेवटचा आक्षेप येईल, आणि तो बिनतोड आहे. ३५ लाखांवर भांडायला माणसं जमत नाहीत. १८ कोटींवर चहा थंड होईपर्यंत जमतात. शिवाय कोणता बॉन निघणार हे मार्चमध्ये बॉनच्या संघालाही ठाऊक नसतं. पण या पंडितांच्या पाठांतरातच एक नियम आहे, जो कोणीही झोपेत म्हणून दाखवतो: हंगाम सुरू होईपर्यंत कॅपच्या बेरजेत संघातले सर्वांत महाग ५१ करारच पूर्ण धरायचे. त्याखालच्यांचा पगार मार्चच्या हिशेबात येत नाही. हा नियम सांगणाऱ्याला बावन्नाव्या माणसाचं नाव विचारून पाहा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग फोन काढेल, अंगठ्याने यादी खाली, खाली, आणखी खाली नेईल, डोळे बारीक करील, आणि तेवढ्यात वर कुठल्यातरी नव्या कराराची बातमी टिणकन वाजेल.