कोड स्कॅन करा, मग बोला

शिक्षणाचे भविष्य अंबरनाथपर्यंत येऊन पोहोचले म्हणतात. तिथल्या मोरिवलीत ते बापाच्या खिशात असते. बाप एमआयडीसीत पाळीवर, फोन खिशात आणि घरी पोरापुढे बालभारतीचे पुस्तक: क्यूआर कोड स्कॅन करा. कशाने? डोळ्यांनी? बापाला ओव्हरटाइम लागला की भूगोल रात्री दहाला सुरू होतो.

पाठ्यपुस्तकांत हे कोड आणण्यात पुढाकार रणजितसिंह डिसले गुरुजींचा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला २०२० साली १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून टाकली. आपण हार घातले. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जायला त्यांनी रजा मागितली, तर २०२२ साली ते प्रकरण थेट शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेले. कोड सेकंदात उघडतो. रजेच्या फायलीवर मात्र कोड छापलेला नसतो.

आता म्हणे सगळ्याच गुरुजींच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता येणार. येऊ दे बापडी! आधी जनगणना, मतदार याद्या आणि खिचडीचा हिशेब तिच्या गळ्यात घालू. मग वेळ उरला तर शिकवील. महिन्याभरात तीही बदलीचा अर्ज करते की नाही बघा.

तोवर पोरा, बाबा येईपर्यंत पाढे पाठ कर. पाढ्यांना चार्जिंग लागत नाही.