फेब्रुवारीचे तीनशे

कुर्ल्याच्या नेहरूनगरात आमदार कोण, हे निवडणुकीत ठरतं. विरोधी पक्षनेतेपद मात्र आमच्या दोनशेकाकांकडे कायमचं आहे. विधानसभेत त्या पदासाठी संख्याबळ लागतं म्हणे. काकांना पेपरस्टॉलशेजारचं बाकडं आणि एक कटिंग पुरतं.

प्रत्येक वस्तीत असा एक गृहस्थ असतोच. कुणी पाण्याच्या दाबावर बोलतो, कुणी गटारावर. गटारवाल्याचं काम सोपं. पुरावा नाकानेच कळतो. काकांची तक्रार मात्र पगाराच्या चिठ्ठीतल्या एका ओळीवर आहे: व्यवसाय कर, रुपये दोनशे. लोक या ओळीकडे बसमधल्या ‘थुंकू नये’ या पाटीइतकंच लक्ष देतात. काकांनी तिच्यावर आयुष्य काढलं.

काका १९७५ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात चिकटले आणि त्याच साली महाराष्ट्रात हा कर लागला. “नोकरी आणि कर, माझी जुळी लेकरं,” असं ते म्हणतात. त्यातलं एक लेकरू लवकर गेलं. तिथली पद्मिनी गाडी बंद झाली, कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहिली. काका अजून तिथले पत्ते जुन्या नकाशाने सांगतात. “डॉक्टर कुठे बसतात? आपल्या पेंट शॉपमध्ये!” पुढे त्यांनी एका लहानशा वर्कशॉपात स्टोअर सांभाळलं. दुसरं लेकरू तिथेही बोट धरून आलं.

काकांच्या काखेत एक फाइल असते. पहिल्या नोकरीपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्यात लावलेल्या. नवखा माणूस सापडला की बाकड्यावर वर्ग भरतो.

“हा कर लावला कशासाठी, माहितीय? रोजगार हमीसाठी! सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, १९६० ते १९७८. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदाराकडून. तो जेवढा देईल, तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ला कायदा झाला, १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू. दिल्लीला हे सुचायला २००५ साल उजाडलं!”

“मग चांगलंच आहे की, काका.”

“मी वाईट कुठे म्हणतोय? हिशेब द्या म्हणतोय. माझे दोनशे कुठल्या पाझर तलावात गेले, त्याचा काठ तरी दाखवा.”

मग फेब्रुवारीचा अध्याय. घटनेप्रमाणे हा कर वर्षाला अडीच हजारांच्या वर नेता येत नाही. अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे. उरलेले तीनशे फेब्रुवारीच्या डोक्यावर. “महिना अठ्ठावीस दिवसांचा आणि कापणी सगळ्यात मोठी! सरकारला दुबळाच सापडतो.” मात्र अडीच हजारांची ही मर्यादा १९८८च्या घटनादुरुस्तीपासून हललेली नाही, हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो. “त्यानंतर वडापाव कुठल्या कुठे गेला, पास गेला, भाडं गेलं. हा एकटा शब्दाला जागला.”

आमदारसाहेबांचा पक्ष मी लिहीत नाही. हे छापून येईपर्यंत तोच राहील याची खात्री नाही. त्यांनी मैदानात रोजगार मेळावा भरवला. कमानीवर साहेबांचे हात जोडलेले, आत तरुणांचे हात रिकामे. प्रश्नोत्तरं सुरू होताच काका उभे राहिले.

“साहेब, व्यवसाय कर कुर्ल्यातून जातो. हमी मात्र खेड्याला. आमच्या पोराला काम मागायचं तर त्याने कुठल्या गावचं व्हायचं?”

“काका, कराचा विषय केंद्राच्या अखत्यारीत येतो.”

“कलम २७६ वाचा साहेब. कर राज्याचा आहे. तुम्ही जिथे बसता, तिथेच तो ठरतो.”

“बरं, पण बेरोजगारीवर आपण...”

“गटार पालिकेचं, कर केंद्राचा, नोकरी कंपनीची. मग आपल्या अखत्यारीत काय, ही कमान?”

टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या, त्यांना सवय आहे. त्या दिवशी रोजगार मिळाला तो मंडपवाल्याला, आणि काकांनी तो नावानिशी जाहीर केला.

काकांचा मुलगा आयटीआय झालेला. २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत लागला. महिना आठ हजार. घरात उत्सव झाला. मुदत संपली आणि पोरगं परत बाकड्यावर बापाशेजारी. “आता तो प्रशिक्षित बेरोजगार आहे,” काका ओळख करून देतात. “आधी नुसताच होता.”

एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांना खूश करायला म्हटलं, “काका, हा करच रद्द करायला पाहिजे.” काका असे भडकले की कटिंग सांडला. “रद्द? बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायची. अंगठा उठवायची आणि सुकडी पदरात बांधून आणायची. ती सुकडी खाऊन मी एसटीत बसलो आणि मुंबईला आलो. पुढे चिठ्ठीत ही ओळ दिसली तेव्हा म्हटलं, चला, आता कुणाच्या तरी आईच्या मस्टरवर आपलेही चार पैसे पडतील. आणि तू रद्द करतोस?” दुकानदार साखरेची पुडी बांधत राहिला.

खरा घाव २०१९ला बसला. काकांना पासष्ट पूर्ण झाली आणि पासष्टीनंतर हा कर माफ आहे. दुसरा कुणी असता तर त्याने दोनशे रुपयांची भजी खाल्ली असती. काका सवयीने आमदारांच्या कार्यालयात गेले. तिथला स्वीय सहायक नेहमीसारखं म्हणाला, “कोण आपण?” इतकी वर्षं काका छाती काढून सांगायचे, “करदाता.” त्या दिवशी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माचिसच्या काडीवरही कर भरतो आपण, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, “त्या कराला माझं नाव माहीत नसतं रे.”

मग आशा लेकीवर आली. ती बीकेसीत एका कार्यालयात लागली, पगार बावीस हजार. काकांनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली, उलटी करून वाचली. व्यवसाय कर: निरंक. २०२३च्या अर्थसंकल्पात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना माफी मिळालेली. “चांगला निर्णय आहे,” काका पडेल आवाजात म्हणाले. आमदारांच्या बाजूने त्यांनी काढलेलं हे एकमेव वाक्य, तेही घरात.

या वर्षी तिला बढती मिळाली आणि पगार सव्वीस हजारांवर गेला. लेक कुरकुरत आली, “बाबा, बघा, आता माझेही कापले!” काकांनी चिठ्ठी घेतली, देवापुढे ठेवली आणि बाकड्यावर पेढे वाटले.

“पगारवाढीचे?” मी विचारलं.

“कपातीचे.”

फेब्रुवारीची चिठ्ठी आली तशी काकांनी इस्त्रीचा सदरा चढवला, फाइल काखेत मारली आणि आमदारांच्या कार्यालयाची पायरी चढले. सहायकाने मोबाइलमधून मान वर न काढताच विचारलं, “कोण आपण?”

काकांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, तीनशेच्या आकड्यावर बोट टेकवलं आणि खुर्ची ओढून बसले.

“करदात्याचा बाप.”