सुकतीक या, साहेब!

(स्टुलावर दुर्बीण. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, डोक्यावर टोपी, हातात वल्हं.)

मी देवबागचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही. होडीतून पक्षी दाखवतो.

मुंबईहून फोन. "दादा, नाश्ता करून नवाला येतो. पक्षी तेवढे तयार ठेवा." म्हटलं, साहेब, टाइमटेबल माझ्याकडे नाही, चंद्राकडे आहे. सुकती लागली की चिखल उघडा पडतो. चिखलात किडे, कुर्ल्या, त्यांच्यावर पक्षी. आज सहाला सुकती, तर उद्या पन्नासेक मिनिटं उशिरा. "मग चंद्राशी बोलून बघा ना!"

आले. साहेब, वहिनी आणि कॅमेरा. लेन्स एवढी, की लाइफ जॅकेट मी पहिलं तिला घातलं.

कांदळात शिरताना इंजिन बंद. (वल्हवतो) साहेबांचा फोन चालूच. (ओरडून) "हॅलो! अरे, मी एकदम शांततेत आहे!" खंड्या गेला. बगळे गेले. एक तुतवार तेवढा राहिला, शेपूट वरखाली, वरखाली. वहिनी म्हणतात, "एवढा टेन्शनमध्ये का?" टेन्शन नाही हो, सवय त्याची. थंडीपुरता पाहुणा आहे, तुमच्यासारखाच.

पुढे कोरल. चोच म्हणजे वाकडा दाभण! ती बिळात घातली, कुर्ली ओढली आणि (मान झटकत) झटके देऊन देऊन तिचे पाय तोडले. गिळली फक्त पाठ. पाय दिले टाकून! मालवणात? अहो, ते पाय वाटून गाळले की रस्सा होतो! तिथंच तिसऱ्या काढायला वाकलेली आमची काकी कंबर सरळ करून म्हणाली, "मेल्याक आवशीन कायच शिकवल्यान नाय!"

साहेब लगेच, "दादा, कुर्लीची थाळी कितीला?" पक्षीनिरीक्षण संपलं ते तिथं.

संगमावर वाळूचा पट्टा. अर्ध्यावर माणसं, अर्ध्यावर कुरव. म्हटलं, हा तपकिरी डोक्याचा कुरव. साहेब म्हणाले, "डोकं तर पांढरं आहे." थंडीत पांढरंच असतं, साहेब, तपकिरी रंग विणीच्या दिवसांत येतो. "म्हणजे आम्ही पैसे भरून ऑफ सीझनचा पक्षी बघतोय?" लडाख-तिबेटच्या तळ्यांवरनं हिमालय ओलांडून आलेला पक्षी तो! आणि त्याला पर्यटक घालतात काय? शेव!

पाणटिवळा दाखवला. याचा एक अलास्कातला भाऊबंद 2022 साली टास्मानियापर्यंत न उतरता उडाला. 13,560 किलोमीटर, 11 दिवस. साहेब कंबर धरून म्हणाले, "आम्ही पण कुडाळहून रिक्षानं आलो."

एवढ्यात वर काकण! समुद्री गरुड. पंख पसरले की सहा-सात फूट. सुरूच्या शेंड्यावरनं सुटला, पाण्याला पाय लावले, मासा उचलला, गेला. मी ओरडतोय, "साहेब! साहेब!" साहेब मान खाली घालून मघाच्या बगळ्याचे फोटो डिलीट करतायत.

"दादा, त्याला परत बोलवता येईल?"

येईल की! पैसे घेतलेत. (वल्हं उभं धरून, आभाळाकडे) रे काकणा! वायच परत ये रे! सायबाचो कॅमेरो आता तयार झालो. आणि ह्या खेपेक मासो हळू धर... डाव्या बाजून!

(अंधार)