कमी चाललेली

सिल्वासात कुणाच्या मनात गाडी घ्यायचं आलं की तो आधी बँकेत जात नाही, काकांकडे जातो. गाडी पारखून देणारे असे काका गावोगाव असतात, पण आमचे जरा वरच्या पट्टीतले, कारण इथलं गिऱ्हाईकच तसं. नरोली, मसाट, पिपरियाच्या शेडमध्ये यार्न नाहीतर प्लास्टिकवर चार पैसे गाठीला बांधलेल्या शेठला पन्नाशीत कधीतरी दोन दारांची, जमिनीला चिकटून पळणारी गाडी खुणावू लागते. नाव मुलाचं पुढे करतात. मुलगा बिचारा बाईकवर खूश असतो.

काका वापीच्या जीआयडीसीत मेंटेनन्सला होते. स्वतः ॲक्टिव्हावर फिरतात. पण ‘नवी घ्यावी की थोडी वापरलेली’ या प्रश्नावर त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ते नेहमी वापरलेलीच सांगतात. नव्या गाडीत बघायचं काय? शोरूमवाला पेढे देतो, किल्ली देतो, फोटो काढतो. तिथे काकांना कोण विचारतो?

गेल्या खेपेचं गिऱ्हाईक नरोली रोडवरचे एक शेठ. एकीकडे नवी बीएमडब्ल्यू झेड-फोर, नव्वद लाखांच्या पुढची. परदेशात बनून अख्खीच्या अख्खी इकडे येणारी, म्हणजे गाडीइतकंच वजन सीमाशुल्काचं. दुसरीकडे २०१८ ची फोर्ड मस्टँग, पाच लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, अकरा हजार किलोमीटर चाललेली, मालक मुंबईचा.

पाटी मात्र आमची, डीएन ०९. ती बघून काका सद्‌गदितच झाले. एके काळी मुंबई-ठाण्याच्या कित्येक मोठ्या गाड्या कर वाचावा म्हणून कागदोपत्री आमच्याकडे राहायच्या. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेरा टक्के मोजावे लागत, इथे त्या मानाने चणे-फुटाणे. म्हणून आमलीतल्या एखाद्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर अशी गाडी असायची, जिच्यात खोलीचं सामान मावलं नसतं आणि जी खोलीत मावली नसती. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी करून घ्यायची, हा कायदा. तो कितीजण पाळायचे हे विचारू नये. २६ जानेवारी २०२० ला आमच्या दादरा-नगर हवेलीचं दमण-दीवशी विलीनीकरण झालं आणि नव्या पाट्यांवरचं डीएन जाऊन डीडी आलं. “शेठ, पोर माहेरी आलीय,” काका म्हणाले. “एनओसीची पण कटकट नाही.”

मग परीक्षा. काकांनी खिशातून लोहचुंबक काढून बॉनेटला लावला. चिकटेना. “पुट्टी! अख्खं बॉनेट पुट्टीचं आहे!” दलाल शांतपणे म्हणाला, “काका, ॲल्युमिनियमचं येतं हे. कंपनीतूनच.” काकांनी चुंबक तितक्याच शांतपणे खिशात घातला. “तेच म्हणतोय मी. ओरिजिनल आहे.”

पुढे मात्र त्यांनी खरा हात दाखवला. टायरच्या कडेवरचे चार आकडे बॅटरी मारून वाचले : २३१८. म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कोरी करकरीत, पण रबर कडक, कडेला बारीक भेगा. ब्रेकच्या पॅडलचं रबर बोटाने चाचपलं. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड दाबली. चढता-उतरता तीच आधी झिजते. मग वायरिंगजवळ नाक नेऊन हुंगलं. उंदीर!

“किलोमीटरचा आकडा खरा आहे,” काका म्हणाले. “पण गाडी आजारी आहे. कमी चालल्यामुळे.”

इथे मला काका पटतात. इनोव्हा घेताना माणूस जास्त चाललेली तर नाही ना म्हणून घाबरतो. या जातीच्या गाडीत जिवाला घोर लागतो तो न चाललेपणाचा. उभ्या उभ्या टायर म्हातारे होतात, बॅटरी बसते, सील सुकतात. आणि मालकाने तरी चालवायची कुठे? आमच्या वापी रोडवर कंटेनरमागे कंटेनर, मध्ये स्पीडब्रेकर, त्यावरून असली गाडी तिरकी करून, श्वास रोखून न्यायची. मोकळा म्हणावा असा खानवेलचा रस्ता. झाडी आहे, वळणं आहेत. आणि चार महिने पाऊस आहे.

शेठ तरीही डळमळत होते. मुलगा म्हणाला, “नवी ती नवी.” तेव्हा काकांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. “सचिनची फरारी माहितीय? थ्री-सिक्स्टी मोडेना. ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली शूमाकरच्या हस्ते मिळाली. नवी आली तेव्हा सीमाशुल्कावरून देशभर गदारोळ. २०११ ला जुनी म्हणून सुरतच्या एका व्यापाऱ्याने घेतली, कोर्टकचेरी काही नाही! सिंगल ओनर, शेठ. आणि ओनर कोण?” क्षणभर थांबून ते खिन्नपणे म्हणाले, “सुरत इथून दोन-अडीच तास. मला बोलावलं असतं तर दोन लाख तरी पाडून दिले असते.”

सौदा झाला. चार टायर, बॅटरी आणि उंदरांनी कुरतडलेली वायर यांचे पैसे काकांनी किमतीतून कापून घेतले. स्वतःसाठी काही मागितलं नाही, फक्त दर रविवारी गाडी खानवेलपर्यंत फिरवायची अट घातली. “आणि मी शेजारी बसणार. आवाज ऐकायला लागतो.”

परवा रविवारी असेच निघाले होते. शेठ चालवताहेत, काका डोळे मिटून इंजिन ऐकताहेत. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पलीकडे कुणीतरी दमणचा, नव्या गाडीला बुकिंगचे पैसे भरायला निघालेला.

“अजिबात भरू नको,” काका म्हणाले. “दोन वर्षं थांब. एक मस्टँग आहे माझ्या नजरेत. पावसात काढत नाहीत, रविवारीच चालते, टायर नवे, वायरिंग मी स्वतः करून घेतलंय.” मग फोनवर हात ठेवून शेठकडे वळले. “शेठ, जरा सावकाश घ्या हो. पुढे स्पीडब्रेकर आहे.”