शनिवार रात्रीचा हुकूम

मोरगावात संकष्टीला गणपतीनंतर सगळ्यात जास्त काम कुणाला असेल, तर ते दुर्वा-हार विकणाऱ्याला. नेमका तोच दिवस धरून शाळा 'ओपन हाउस' ठेवते. आई-वडील दोघांनीही हजर राहायचं, सबब चालणार नाही. शाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ख्रिसमस असतो, स्पोर्ट्स डे असतो. चतुर्थी बहुधा छापायची राहते.

बारामती-इंदापुराकडं नावात 'सेंट' असलेली प्रत्येक इंग्रजी शाळा कॉन्व्हेंट असते, मग आवारात फादर-सिस्टर औषधालाही नसोत. खऱ्या कॅथलिक शाळांची शिस्त जुनी. पुण्याच्या कॅम्पातलं जेझुइटांचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ सालचं. आमच्याकडं त्या परंपरेतला टाय आला, डायरी आली, उशिराचा दंडही आला. त्याच जेझुइटांचं संगमनेरचं ज्ञानमाता विद्यालय पोरांना मराठीतून शिकवत आलंय. तेवढ्याची नक्कल करायला मात्र कुणी धजावलं नाही.

तर शनिवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचं 'डियर पेरेंट्स' उगवतं. सोमवारी पांढरे बूट. मंगळवारी प्रोजेक्ट, स्पायरल बाइंडिंगसह. बुधवारी केस कापलेले हवेत. शुक्रवारी हप्त्याची शेवटची तारीख, नंतर रोजचा दंड. सगळं इंग्रजीत. बाप दिवसभर उसाला पाणी धरून आलेला, तो फोन पोराकडं देतो आणि म्हणतो, "वाच रं, काय लिवलंय?" इथं आरोपीच दुभाषा असतो. 'गणितात नापास, पालकांनी भेटावे' या ओळीचं मराठी होतं, 'सगळं बरं चाललंय, यायची गरज नाही.' बाप खूश, पोरगं खूश. शाळेलाही निळी टिक मिळते.

या निरोपात जे नसतं ते जास्त वाचनीय. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क कायद्यानं शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापायला सांगितलंय. त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि फीवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढं ठेवायचा. आता इच्छुक कोण, हे विचारणारा निरोप तुम्हाला कधी आलाय? येतो तो थेट फोटो : नारळ, शाल, हसरी समिती. चिठ्ठीतून दरवर्षी शाळेला वाळू-सिमेंट पुरवणाराच कसा निघतो, हे मोरगावच्या मयूरेश्वरालाच ठाऊक.

तसंच एसटीचं. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांशात. जून २०२४ पासून तर महामंडळ पास शाळेतच पोचवायला निघालं, आगारात रांग लावायला नको. सुप्याहून, लोणी भापकरहून येणाऱ्या घरांना ही खरी बातमी. पण शाळेच्या दारात स्वतःची पिवळी बस उभी असली की लाल बसबद्दल कुणी बोलत नाही. पिवळीचं भाडं मात्र जाड अक्षरात, खाली क्यूआर कोडसह.

गणवेशासाठी ठरावीक दुकानाची सक्ती करू नका, असं सरकार शाळांना दर जूनला बजावतं. शाळा आज्ञाधारक आहे, सक्ती करत नाही. फक्त दुकानाचा नकाशा पाठवते आणि तो विशिष्ट निळा रंग दुसरीकडं मिळत नाही.

उलट विचारायची सोय नाही. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन बोलतो, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. आजोबांनी रात्रीच्या वर्गाला जाऊन अंगठा सोडला, सही शिकले; नातवाच्या इंग्रजी शाळेनं घराला पुन्हा अंगठ्यावर आणलं. परवा एका पालकानं अंगठ्याऐवजी चुकून प्रश्नचिन्ह दाबलं. त्याला सोमवारी अकराला बोलावलंय. येताना पांढरे बूट घालावेत का, एवढंच त्याला कळत नाहीये.